मळीच्या टाकीतले दोन हिसके

अहो,

शेजारच्या शेडमध्ये आज सकाळी पुन्हा ब्लास्टिंग सुरू झालं. तुमच्यामुळं त्यांनी काम बंद ठेवलं होतं, पण किती दिवस ठेवणार? माल येऊन पडलेला असतो, पार्टीचे फोन सुरू असतात. आधी कॉम्प्रेसर धडधडला, मग पाइपातून हवा सुटल्याचा तो मोठा फुत्कार आला, आणि मी गॅसवर चहा ठेवून ओट्याशी तशीच उभी राहिले. तुम्ही आत असलात की मला आवाजावरून सगळं कळायचं. नोझल पत्र्याच्या जवळ आहे की लांब, तुम्ही सपाट भिंतीवर आहात की कोपऱ्यात शिरलात, वाळू कोरडी आहे की दमट. आज आवाज तोच होता आणि आत कोण आहे ते मला कळत नव्हतं.

मी गच्चीवर गेले. कुंपणापलीकडं टोप घातलेला एक माणूस शेडमधून बाहेर आला. खांद्यावर उतरलेला टोप, पुढं धुरकट काच, चामड्याचं जाकीट, कोपरं अंगापासून लांब धरून चालणं. त्या वेशात सगळी माणसं सारखी दिसतात, हे मला काय कुणी सांगायला पाहिजे? तरी मी कठड्याला धरून वाट बघत राहिले. त्यानं टोप काढला. आत तुम्ही नव्हतात. एवढंच झालं. खाली आले तर चहा आटून भांडं काळं पडलं होतं.

तुम्ही म्हणायचात, "तुला लिहाया येतंय तर लिही की कधीतरी." म्हणून बसले आहे. तुमच्याविषयी चांगलं बोलायचं ते लोकांनी बोलून झालं. बसवराज किती कष्टाळू, बसवराज शब्दाचा किती पक्का. मला त्यातलं काही सांगायचं नाही. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय, ते मला पुढं न्यायचंय.

आठवतंय, तुम्ही मला बघायला रेणापूरला आला होतात तेव्हा आमच्या आप्पांनी विचारलं होतं, "पाव्हणं, काम काय म्हनायचं तुमचं?" तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "लोखंडाला आंघोळ घालतो." आप्पांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "पाण्यानं?" "न्हाई. वाळूनं." आप्पा त्यानंतर कितीतरी दिवस एकटेच हसायचे. आईला म्हणायचे, "पोरगं खोटं बोलत न्हाई, देऊन टाकू."

आणि खोटं नव्हतंच ते. साखर कारखान्याच्या टाक्या, पुलाचे गर्डर, पाणीयोजनेचे माणूस उभा राहील एवढाले नळ, असं लोखंड तुमच्यापुढं यायचं. जुना रंग, गंज, वर्षानुवर्षांची खपली. कॉम्प्रेसरची हवा पॉटमध्ये, म्हणजे त्या जाड लोखंडी भांड्यात, भरलेली वाळू उचलायची आणि पाइपातून नोझलच्या तोंडानं अशी फेकायची की पत्र्यावर चिकटलेलं काही म्हणून उरायचं नाही. खालून निघायचं ते लोखंड पांढुरकं, राखेच्या रंगाचं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, कुणी विभूती फासून ठेवलीय. मी हात लावला. मांजराच्या जिभेसारखं खरखरीत लागलं.

"अगं, हात नको लावू!" तुम्ही टोप वर करून ओरडलात. "ती खरखरच पायजे. तिच्यातच रंग दात रोवून बसतो. पन घामाचा हात लागला की गेलं."

उन्हाळ्याचे कोरडे दिवस होते, रात्रभर ती लोखंडी प्लेट तशीच पांढरी राहिली. सकाळी बघितलं तर तिच्यावर माझा पंजा उमटला होता. तांबूस, पाचही बोटं स्पष्ट. मला भीतीच वाटली, जणू माझाच हात मला सोडून तिथं राहिलाय. तुम्ही मात्र बराच वेळ बघत उभे होता. रंगाची वेळ आली तेव्हा तेवढा भाग पुन्हा मारायला पाहिजे होता. तुम्ही नोझल उचललंत, खाली ठेवलंत, म्हणालात, "मन होईना झालंय." मग रज्जाकभाईंनी तुम्हाला हसून हसून तुमच्या हातून तो पुसून घेतला.

रज्जाकभाई कॉम्प्रेसर सांभाळायचे. तुमच्यापेक्षा वयानं मोठे, तुम्हाला नावानं हाक मारणारे ते एकटेच. पॉटवर मला उभं करायची कल्पना त्यांचीच. मी तोवर वाळू चाळायचे, पत्र्यावर उन्हात पसरून वाळवायचे. एकदा पॉटवरचा माणूस जत्रेला म्हणून गेला तो आलाच नाही. रज्जाकभाई म्हणाले, "भाभीला उभं कर. वाळू दमट हाय का कोरडी, तिला हाताला कळतंय." तुम्ही आधी नको म्हणालात, मग शिकवलंत.

टोपात शिरलं की तुम्हाला काही ऐकू यायचं नाही, आणि टाकीच्या आत असलात की मला तुम्ही दिसायचा नाही. आपल्यामध्ये फक्त पाइप. तुम्ही आतून एक हिसका दिला की मी हवा बंद करायची, दोन दिले की सुरू करायची. आणि बाहेरून मी दोन हिसके दिले तर, तुम्ही सांगितलं होतं, "हातातलं काम टाकून मी तुझ्याकडं यनार. मग कायबी असू दे." बाहेरून हिसका द्यायची वेळ सहसा येत नसे. पण तुम्ही आत आणि मी व्हॉल्व्हवर, असं कितीतरी वर्षं आपण काढली. लोकांचं संसारात बोलणं होतं. आपलं निम्मं त्या पाइपातून झालं.

आता आप्पांचं.

आपलं काम भोकरकडं एका पाण्याच्या टाकीवर सुरू होतं. आपण दोघं तिथंच एका खोलीत राहत होतो, आपली पल्लवी शाळेला सुट्टी म्हणून आपल्याबरोबर होती. दुपारी रज्जाकभाईंच्या फोनवर रेणापूरहून निरोप आला की आप्पा गेले. जेवून पान लावत बसले होते, तसेच कलंडले. मी पॉटजवळच खाली बसले. तुम्ही टाकीतून बाहेर आलात, टोप काढलात, माझ्या डोक्यावर हात ठेवलात. मग आभाळाकडं बघितलंत. आभाळ भरून आलं होतं.

"तू निघ," तुम्ही म्हणालात. "पल्लवीला घे. रज्जाकभाई गाडीत बसवून देतेत. मी रंग मारून येतो."

मला आधी कळलंच नाही तुम्ही काय म्हणताय.

"लोखंड उघडं पडलंय, नंदा. ह्या हवेत सोडून आलो तर रातच्यात सगळं तांबडं होतंय. केल्यालं समदं वाया. मी येतोच मागनं."

तुम्ही आलात, पण आप्पांना समाधी दिल्यावर. आपल्यात माणूस फार वेळ ठेवत नाहीत. जंगम स्वामी आले, विभूती लावली, बेल वाहिला, आप्पांना खाली खड्ड्यात बसवलं, माती लोटली. जो तो मला विचारत होता, जावई कुठायत. मी म्हणत होते, येतायत. दुसऱ्या दिवशी तुम्ही दारात उभे राहिलात तेव्हा तुमच्या नखांत रंग होता.

तुमच्यासाठी लोखंड उघडं पडलं होतं. मी उघडी पडले होते, ते तुम्हाला दिसलं नाही. हे मनात मी किती वेळा म्हटलं असेल. तोंडानं कधी म्हटलं नाही. आज म्हटलं.

त्यानंतर मी तुमच्याशी बोलणं सोडलं. भांडले नाही, माहेरी जाऊन बसले नाही. ताट वाढायचे, डबा भरायचे, पल्लवीला सांगायचे, "बाबांना सांग, जेवायला या." तुम्ही सुरुवातीला समजूत घातलीत. मग चिडलात. मग तुम्हीही पल्लवीतर्फे बोलायला लागलात. ते पोरगं बिचारं आपल्या दोघांमध्ये निरोप नेऊन नेऊन कंटाळून गेलं. कामावर मात्र मी येत होते. पॉटवर दुसरं माणूस नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या व्हॉल्व्हवर दुसऱ्या कुणाचा हात मला चालला नसता, राग कितीही असू दे. एक हिसका आला की बंद करायचे, दोन आले की सुरू. तेवढंच.

तशातच ती मळीची टाकी आली. कारखान्याचा हंगाम संपला होता, टाकी रिकामी करून धुतली होती, तरी आत शिरलं की आंबूस गोड वास घशात बसायचा. वर छपराखाली आडवे बीम, त्यांच्यावर गंज आणि वाळलेल्या मळीचा इतका जाड थर की खाली लोखंड आहे का नाही तेही कळत नव्हतं. तुम्ही मचाण बांधलंत, वर चढलात. पाइप खालच्या झाकणातून आत गेला होता. बाहेर मी पॉटपाशी, थोड्या अंतरावर रज्जाकभाई.

दुपारची जेवणं व्हायची होती. ऊन चढलेलं. माझा डावा हात व्हॉल्व्हवर होता आणि पाइप माझ्या पायापुढं धुळीत पडलेला. हवा सुरू असली की तो थरथरतो, तसा थरथरत होता. मी त्याच्याकडंच बघत होते. हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलं! मी त्याच्याकडंच बघत होते आणि तो जागचा हलला नाही.

मग आत काहीतरी कोसळलं. टाकीचा पत्रा घंटेसारखा वाजला. मी व्हॉल्व्ह दाबला. रज्जाकभाईंनी कॉम्प्रेसर बंद केला आणि धावत आले. आत सगळी धूळ. आम्ही झाकणातून हाका मारत होतो, आणि आतून काही म्हणून येत नव्हतं. तुमच्याशी बोलायचं नाही असं ठरवलेलं माझं तोंड त्या वेळी काय काय बोललं, मला आठवत नाही. रज्जाकभाईंना आठवायचं. त्यांनी कधी सांगितलं नाही.

धुळीतून तुमचा टोप वर आला. तुम्ही सरपटत बाहेर आलात, जमिनीवर बसलात, टोप काढलात. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. वरचा एक बीम टोकाशी पार खाल्लेला होता, गंजानंच धरून ठेवलेला. तुम्ही गंज उडवलात आणि तो सुटला. मचाणाची फळी त्यानं मधोमध मोडली होती, तुम्ही सकाळपासून उभे होता तिथंच.

माझ्याकडं बघून तुम्ही म्हणालात, "तुला कसं कळलं?"

"काय?"

"दोनदा वडलंस की. मला वाटलं हिनं बोलवलं, आता जावं लागंल. मी फळीच्या टोकाला आलो, एक पाय शिडीवर ठिवला, तेवढ्यात आलं खाली."

"मी नाही ओढलं," मी म्हणाले.

आप्पा गेल्यापासून तुमच्याशी बोललेलं ते माझं पहिलं अख्खं वाक्य. तुम्हाला त्याचाच इतका आनंद झाला की वाक्यात काय होतं ते तुम्ही ऐकलंच नाहीत. तुम्ही रडायला लागलात. रज्जाकभाई तोंड फिरवून उभे राहिले.

संध्याकाळी मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तुम्ही हसायचा. रज्जाकभाई म्हणाले, "हवेचा झटका असंल रे. कभी कभी पाइप अपने आप उडता." तुम्ही म्हणालात, "झटका न्हवता त्यो. हात व्हता." आणि मग तुम्ही तो हट्ट केलात. टाकीत फळी नवी टाकून वर चढलात, नोझल हातात घेऊन उभे राहिलात आणि आम्हाला म्हणालात, आता काय काय करायचं ते करून बघा. रज्जाकभाईंनी हवा कमीजास्त केली. आतून आवाज आला, "न्हाई." पाइपावर पाय दिला. "न्हाई." झाकणाच्या कडेला अडकवून सोडला. "न्हाई." रज्जाकभाईंनी दोन्ही हातांनी ओढला. "न्हाई, न्हाई, ह्यो तुमचा हात हाय." सगळ्यात शेवटी मला म्हणालात, "तू वड." मला नको वाटत होतं. मी दोनदा ओढला.

या वेळी आतून "न्हाई" आलं नाही. मग तुम्ही म्हणालात, "ह्योच. ह्योच हात व्हता."

मी पाइप हातातून सोडून दिला. तुमच्यासाठी तिथं विषय संपला. माझ्यासाठी तिथून सुरू झाला.

त्याच आठवड्यात कुणाला न सांगता तुम्ही रेणापूरला जाऊन आलात. मला नंतर माझ्या भावानं सांगितलं. आप्पांच्या समाधीपाशी तुम्ही दुपारभर बसून होता. तुम्ही काय बोललात ते त्याला ऐकू आलं नाही, पण हात जोडलेले होते म्हणाला. त्यानंतर तुम्ही वाळू सोडलीत. मी किती वर्षं सांगत होते, तो धुरळा बरा नाही, रज्जाकभाईसुद्धा तोंडाला फडकं बांधून लांब उभे राहतात. तुम्ही कधी ऐकलं नव्हतंत. आता वाळूच्या जागी काळी ग्रिट, म्हणजे तांब्याच्या भट्टीतली भरड, मागवलीत, बाहेरून स्वच्छ हवा येणारा टोप घेतलात. का म्हणून विचारलं तर म्हणालात, "ज्या हातानं वडलं त्या हाताचं ऐकावं."

आणि तुम्ही ती गोष्ट सांगत सुटलात. पाहुण्यारावळ्यांत, कामावर, पल्लवीच्या साखरपुड्यात व्याह्यांना. "ही माझ्याशी बोलत न्हवती, रुसली व्हती, पन हिला बाहेर बसून कळलं." मी मधेच म्हणायचे, "मी ओढलं नव्हतं हो." सगळे हसायचे. बायका म्हणायच्या, बघा, किती साधी. नांदेडच्या विहीणबाई माझे हात हातात घेऊन बघायच्या. देवळातल्या मूर्तीचे बघावेत तसे. मला ते हात साडीच्या पदराखाली लपवावेसे वाटायचे.

एकदा तुम्ही खरंच चिडलात. घरात आपण दोघंच होतो. मी म्हणाले, "एकदा तरी मान्य करा की मी खरं बोलते." तुम्ही ताट सरकवलंत. "का असं म्हनायलीस सारखं? तू वडलं न्हाईस तर मग काय, मला मरू देनार व्हतीस?" मला तसं म्हणायचं नव्हतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्हीही लगेच शरमलात. पण मला त्या दिवशी कळलं, तुम्ही माझं का ऐकत नाही. तुमचं सगळं पुढचं आयुष्य तुम्ही त्या हिसक्यावर उभं केलं होतं. मी तो काढून घेतला असता तर खाली काय उरलं असतं?

आणि मीसुद्धा एक गोष्ट तुम्हाला सांगितली नाही. त्या दुपारी व्हॉल्व्हवर हात ठेवून मी तुमचा विचार करत नव्हते. आप्पांचा करत होते. आमच्या घरामागच्या विहिरीवर आप्पा पाणी शेंदायचे ते आठवत होते. बादली पाण्याला टेकली की ती नुसती तरंगते, कलत नाही. आप्पा तिला दोरानं दोन हिसके द्यायचे. दोनच. मग ती तिरकी होऊन भरायची. मी डोळ्यांनी पाइप बघत होते आणि मनात तो दोर. आणि माझे हात आप्पांवर गेलेत, लहानपणापासून सगळे म्हणतात. रुंद पंजा, आखूड बोटं. तुम्ही टाकीतून "ह्योच हात" म्हणालात तेव्हा माझ्या मनात जे आलं ते मी कुणाला सांगणार होते? तुम्ही ज्यांच्या मातीला आला नाहीत, ते तुम्हाला काढायला आले? तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्हाला ते सोसलं नसतं. आणि समजा तसं नसेल, तर मी मेलेल्या बापाला उगाच टाकीत उभं केलं असतं. म्हणून नाही बोलले. पण तेव्हापासून पॉटवर उभी राहिले की मला माझ्या मागं कुणीतरी आहे असं वाटायचं. मी मागं वळून बघत नसे. भीतीनं नव्हे. कुणी नसलं तर, या विचारानं.

काळी ग्रिट आली, नवा टोप आला, पण आधीच्या वर्षांची वाळू तुमच्या छातीत बसून होती. ती काही कुणाचं ऐकणारी नव्हती. खोकला आला, जिना चढताना थांबणं आलं. टीबी म्हणून गोळ्या झाल्या. पुन्हा गोळ्या झाल्या. शेवटी पल्लवीनं नांदेडला नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि विचारलं, "काम काय करता?" तोवर कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही धाप लागलेली असतानासुद्धा तेच म्हणालात, "लोखंडाला आंघोळ घालतो." डॉक्टर हसले नाहीत. "वाळूनं?" त्यांनी विचारलं. तुम्ही मान हलवलीत. त्यांनी फोटो खाली ठेवला आणि मला आणि पल्लवीला बाहेर बोलावलं.

मग आपण पल्लवीकडंच राहिलो. खिडकीशी तुमची खाट, खाली ऑक्सिजनचं मशीन. ते दिवसभर घुरघुरायचं. तुम्ही म्हणालात, "लहान कॉम्प्रेसर हाय." रज्जाकभाई लातूरहून भेटायला यायचे आणि जाताना मशीनला कान लावून बघायचे, बरोबर चाललंय का. रडायला आलं की ते तसंच करायचे.

त्या दुपारी पल्लवी बाजारात गेली होती. मी तुम्हाला भाताची पेज भरवत होते. तुम्ही चमचा बाजूला केलात आणि माझ्याकडं असे बघायला लागलात की मला वाटलं काही दुखतंय.

"नंदा," तुम्ही म्हणालात. एकेका शब्दाला थांबत होता. "तू खरंच वडलं न्हवतंस का?"

इतकी वर्षं मी या प्रश्नाची वाट बघितली होती. नुसता विचारला नव्हतात, तुम्ही मानलं होतंत. मला तुमच्या चेहऱ्यावर ते दिसलं. पडल्या पडल्या तुम्ही सगळं पुन्हा जुळवून बघितलं असणार. माझं ते पहिलं वाक्य, माझा तो हट्ट. ज्या बाईला तुम्ही कधी खोटं बोलताना बघितलं नाही, तिनं एवढ्याच एका गोष्टीत खोटं का बोलावं? हो, नाही ओढलं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात तुम्ही म्हणालात,

"मग आत माझ्यासंगं कोन व्हतं?"

तुमचे डोळे माझ्यावर नव्हते. माझ्या मागं, दाराकडं बघत होते. तुम्ही किती उंचावर, किती अंधाऱ्या टाक्यांत उभं राहिलेलं माणूस. मी तुम्हाला घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. तुमच्या हातानं माझं मनगट धरलं होतं आणि तो हात थंड होता.

"मीच होते," मी म्हणाले. "मीच ओढलं."

"मग इतके दिवस?"

"राग होता माझा. आप्पांच्या वेळचा. तुम्ही जिंकायला नको म्हणून कबूल करत नव्हते."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. आधी डोळे, मग गाल, मग सगळा चेहरा सैल झाला. तुम्हाला हसायचं होतं, खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणालात, "मी म्हनत न्हवतो का. हात मला कळतो." आणि डोळे मिटलेत. ती पेज तुम्ही सगळी खाल्लीत. पल्लवी आली तेव्हा तिला खुणेनं सांगितलंत, बघ, आईनं कबूल केलं.

नंतर तुम्ही फार दिवस राहिला नाहीत. पण दाराकडं पुन्हा तसं बघितलं नाहीत, हे मी डोळ्यांत तेल घालून पाहिलंय.

उदगीरकडं तुमच्या शेतात तुम्हाला समाधी दिली. जंगमांनी तुमच्या कपाळाला विभूती लावली तेव्हा मला पहिल्या दिवशीची ती पांढुरकी प्लेट दिसली आणि मी हात मागं घेतला, घामाचा हात लागू नये म्हणून. मग माझं मलाच कळलं आणि मी तुमच्या गालाला हात लावला. आता काय बिघडणार होतं?

माती झाल्यावर बायका बसल्या होत्या. पल्लवीनं ती गोष्ट सांगितली. बाबा टाकीत होते, आई बोलत नव्हती, आईनं पाइप ओढला. सांगून झाल्यावर सगळ्या माझ्याकडं वळल्या. मी नेहमीचं वाक्य म्हणणार आणि त्या हसणार, याची त्यांना सवय होती. लांब लिंबाखाली रज्जाकभाई उभे होते, तेही बघत होते. मी काहीच म्हणाले नाही. पल्लवीच्या पाठीवर हात ठेवला. रज्जाकभाईंनी मान खाली घातली. त्यांना काय कळलं कोण जाणे.

तुम्हाला शेवटी खोटं सांगितलं याचं मला वाईट वाटत नाही. तुम्ही दिलेल्या सगळ्या वर्षांबद्दल एवढं एक खोटं मी तुमचं देणं लागत होते. पण मला एक कळतंय. तुम्ही होता तोवर ती गोष्ट आपल्या दोघांची होती. तुम्ही म्हणायचात तू, मी म्हणायचे मी नाही, आणि त्या वादात तिसऱ्याला जागाच नव्हती. आता वाद संपलाय. घरात मी एकटी असते आणि जागा मोकळी झालीय.

आता तुम्ही तिकडं आहात. ज्यानं ओढलं तो तुम्हाला भेटला असेल, आणि मी खोटं बोलले हेही कळलं असेल. रागावू नका. आप्पा असतील तर त्यांच्याजवळ जाऊन बसा, घाई करू नका, तिथं कुठलं लोखंड उघडं पडलेलं नाही. त्यांना पाणी द्या. तेव्हाचं राहिलंय.

दुसरं कुणी असेल तर मला कळवू नका. मला अजून या घरात राहायचंय.

तुमची,
नंदा